लिंबोणीला ताण

झाडांशी माझं काही वैर नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या इमारतीत सध्या वेगळंच बोललं जातं. परवा दुसऱ्या मजल्यावरच्या बाई कोथिंबिरीची कुंडी घेऊन जिना चढत होत्या. मी समोरून आलो, तर त्यांनी ती कुंडी चक्क पाठीमागे लपवली. मी वीज कंपनीच्या तक्रार विभागात बसणारा माणूस. दिवसभर लोकांचं वाटेल ते ऐकून घेतो आणि ‘अर्ज करा’ म्हणतो, माझ्या अंगाला काही चिकटत नाही. पण कोथिंबिरीला माझ्यापासून धोका आहे असं कुणी समजावं, हे मात्र मला लागलं.

मुळात ती लिंबोणी माझी नव्हेच. ती नानांची. नाना म्हणजे माझे वडील. त्यांची सगळी नोकरी तारऑफिसात झाली. तारेत शब्दागणिक पैसे पडतात हे लोकांना समजावता समजावता त्यांचं स्वतःचं बोलणंही त्याच दराने होऊ लागलं. दोन शब्दांत भागत असेल तर तिसरा त्यांच्या तोंडून निघायचा नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, “मुलगी शहाणी. तू जप.” यात मी तिला जपायचं, की स्वतःला, की तोंडाला, याचा उलगडा अजून झालेला नाही. बायको म्हणते, तिन्ही.

आई गेल्यापासून नाना जुन्या घरात एकटेच राहत होते, आमच्यापासून बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. गेल्या थंडीत ते न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि दूधवाला येऊन हाका मारीपर्यंत तिथेच भिंतीला टेकून बसून राहिले. आम्हाला कळलं ते नंतर, फोनवर. “पडलो. बरा आहे.” एवढं बोलून त्यांनी फोन ठेवलाही. त्या दिवसापासून अवेळी फोन वाजला की मी ताटावरून उठून धावायचो. मुलगी शिकायला वसतिगृहात गेली होती, तिची खोली रिकामीच होती. आम्ही दोघं जाऊन नानांच्या पुढ्यात बसलो, की आता आमच्याकडे चला.

“खुर्ची इथे आहे,” नाना म्हणाले.

ही खुर्ची म्हणजे व्हरांड्यातली वेताची आरामखुर्ची. तिच्यात बसून ते सकाळी चहा पितात, दुपारी पेपर वाचतात आणि संध्याकाळी रस्त्याकडे बघतात. खुर्चीसकट चला म्हटलं, तर म्हणाले, “सवय नाही तिला.” खुर्चीला कसली आलीये सवय, असं मी म्हणणार होतो, पण बायकोने मला चहा करायला पिटाळलं. ती त्यांच्याशी काय बोलली कोण जाणे. मी कप घेऊन बाहेर आलो तेव्हा नाना कोपऱ्यातल्या कुंडीकडे बोट दाखवत होते. त्यांची लिंबोणी. कमरेएवढी उंच, पानं अशी की तेल लावून पुसल्यागत.

“हिला न्या. जगली तर येतो.”

म्हणजे आधी झाडाने आमच्या घरी नांदून दाखवायचं आणि मग नानांनी यायचं. स्वतःच्या मुलाच्या घराची अशी चाचणी घेणारा बाप मी दुसरा पाहिलेला नाही. पण अडला हरी, दुसरं काय करणार. मी कुंडी मांडीवर घेऊन बसमध्ये बसलो. लिंबोणीला काटे असतात हे मला शाळेपासून माहीत होतं. त्या प्रवासात ते सर्वांगाला माहीत झालं. निघताना नानांनी एकच सूचना केली होती, “पाणी बघून घाल.”

आता ‘पाणी बघून घाल’ याचा कुणीही शहाणा माणूस जो अर्थ घेईल तोच मी घेतला. मी पाणी बघत असे. काचेच्या पेल्यात घेऊन, खिडकीसमोर धरून, गाळ आहे का, गढूळ आहे का, नीट बघून मगच घालत असे. मध्यंतरी नळाला लालसर पाणी आलं तेव्हा उकळून, गार करून घातलं. इतकं निवडक पाणी आमच्याकडे पाहुण्यांनाही मिळत नाही. शिवाय परक्या घरात आलंय, मागायला संकोचेल, म्हणून सकाळी एकदा आणि ऑफिसातून आल्यावर एकदा. मधल्या वेळात बायको घालायची, ते मला नंतर कळलं.

महिनाभरात झाडाने मान टाकली. आधी खालची पानं पिवळी पडली, मग वरची दुमडली, मग सगळ्या फांद्या अशा लोंबायला लागल्या की बघवेना. मी सकाळी उठून आधी झाडाकडे बघायचो आणि मग फोनकडे. नानांचा दर रविवारी फोन यायचा. “झाड?” एवढंच विचारायचे. मी “छान” म्हणायचो. त्यांच्याच पठडीत उत्तर दिल्यामुळे त्यांना संशय येत नसावा, असा माझा समज होता.

घरात माणूस आजारी पडलं तर लोक निदान दार वाजवून येतात. झाड आजारी पडल्याचं कळलं आणि आमचं दार वाजवायची पद्धतच बंद झाली. पहिले आले ते तळमजल्यावरचे सर्वज्ञ. हे त्यांचं नाव नव्हे, पण इमारतीत त्यांना दुसऱ्या नावाने कुणी ओळखत नाही. त्यांनी कुंडीतली माती चिमटीत घेतली, नाकाशी नेली, डोळे मिटले आणि म्हणाले, “लोह.”

“लोह काय?”

“कमी आहे. गंजके खिळे घाला. भरपूर पाणी सोडा वरून, म्हणजे उतरेल.”

मी गंजके खिळे घातले. दोन दिवसांनी ते पुन्हा आले आणि त्यांनी लोहाची दिशा सोडून चुन्याची धरली. मग अंड्यांची टरफलं घातली. मग चहाचा चोथा. मग कसलीशी डोकेदुखीची गोळी, कारण “झाडालाही ठणका असतो हो.” प्रत्येक औषधावर भरपूर पाणी हे पथ्य कायम. त्यांच्या स्वतःच्या घरात झाड नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. उंटावरच्या शहाण्याला शेळी पाळायची गरज पडत नाही.

समोरच्या काकूंचं निदान वेगळं होतं. त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या, “अरे, आजारी कसलं, त्याला घर आठवतंय. बोल त्याच्याशी जरा.”

“काय बोलू काकू?”

“नाना बोलतात तसं बोल. ओळखीचं वाटेल.”

लोक काय म्हणतील याची लाज एका मर्यादेनंतर संपते. मी दार लावून घेतलं, घसा जरा जड केला आणि झाडाला म्हणालो, “ऊठ. वाढ.” काही झालं नाही. मग जरा मायेने, “बरी आहेस?” असंही विचारून पाहिलं. मागे वळलो तर बायको हातात झारा घेऊन उभी. त्या दिवशी जेवताना तिने मला भाजी वाढली ती जरा जपूनच.

“ऊन नाही मिळत त्याला,” ती म्हणाली. “आपल्या बैठकीच्या खोलीत कुठे ऊन येतं? गच्चीवर ठेवा.”

इतकी साधी गोष्ट, पण इथे माझीच कर्मं आडवी आली. गच्चीवर कुंड्या ठेवायला आमच्या सोसायटीत बंदी आहे. हा नियम मी केलेला. मी कमिटीवर असताना कुणाच्या तरी गुलाबाच्या कुंड्यांमुळे गच्चीत ओल आली होती, तेव्हा मी बाणेदारपणे उभा राहून ठराव मांडला होता. आता सेक्रेटरींनी तोच कागद माझ्यापुढे ठेवला. हे सेक्रेटरी कुठलाही कागद दोनदा वाचतात, एकदा स्वतःसाठी आणि एकदा समोरच्यासाठी.

“‘सदस्यांनी गच्चीवर कुंड्या ठेवू नयेत.’ अक्षर तुमचंच आहे,” ते म्हणाले.

“अहो, पण ती माझी कुंडी नाही. पाहुणी आहे.”

“पाहुण्यांची नोंद वॉचमनकडे.”

“मी अर्ज देतो.”

“अर्ज कमिटीपुढे जाईल. कमिटी भरली की.”

“कधी भरते?”

“अर्ज साठले की.”

हे असं बोलणं मी नोकरीभर दुसऱ्यांना ऐकवत आलो आहे. ऐकायला किती वाईट लागतं, याची मला खरोखर कल्पना नव्हती. शेवटी मीच त्या वाक्यात फट शोधली. नियम ‘ठेवू नयेत’ असा आहे. धरून बसायला बंदी नाही. सेक्रेटरींनी वाक्य तिसऱ्यांदा वाचलं आणि कबूल केलं, पण अट घातली, की कुंडी जमिनीला टेकता कामा नये.

त्यामुळे पुढचे कित्येक दिवस ऑफिसला जाण्याआधी मी गच्चीवर स्टुलावर, मांडीत लिंबोणी घेऊन, उन्हात बसलेला असे. आसपासच्या इमारतींतून लोक बघायचे. एक आजोबा रोज हात हलवायचे. झाडाला ऊन लागलं की नाही ते माहीत नाही, मला मात्र चांगलंच लागलं. नाकाची सालं निघाली. ऑफिसात साहेबांनी विचारलं, “कुठे फिरायला गेला होतात?” मी काय सांगणार? झाडाबरोबर, म्हणून?

एवढं होईतो कुंडीत नुसता चिखल झाला होता. खाली ठेवलेल्या ताटलीत पाणी साचलं होतं, आणि घरात डास झाले. आरोग्य खात्याचा इन्स्पेक्टर आमच्या रस्त्यावर तपासणीला आला, आणि एवढी गटारं सोडून नेमका आमच्या बैठकीच्या खोलीत शिरला. विजेरी ताटलीवर मारली.

“अळ्या,” तो म्हणाला. “वळवळतायत बघा. पाणी साचवून ठेवलंय तुम्ही.”

“अहो, ते औषधाचं पाणी आहे.”

“डासांना चालतं.” त्याने नोटीस लिहिली. “काही तक्रार असेल तर अर्ज करा.”

आता मागे वळून पाहिलं की वाटतं, एका सरकारी माणसाने माझ्या घरात उभं राहून, सही-शिक्क्यानिशी, या झाडाला पाणी जास्त झालंय हे मला लिहून दिलं होतं. पण माणूस अपमानात असला की त्याला अक्षर दिसत नाही. मी ताटली घासून पुसून लख्ख केली आणि तापलेल्या डोक्याने झाडाला आणखी एक तांब्या पाणी घातलं, तेही नीट बघून.

नोटिशीची प्रत सेक्रेटरींनी खालच्या फळ्यावर लावली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. नोटिशीचं राहू द्या. हे झाड गेलं तर नाना येणार नाहीत, आणि पुन्हा कधी पाय घसरला तर दूधवाल्याच्याच भरवशावर राहणार. हे असं उघड बोलायची आमच्या घरात पद्धत नाही, पण मला त्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. बायको म्हणाली, “सरळ नानांनाच विचारा ना.” मी म्हणालो, सरळ विचारलं तर संपलंच सगळं. आडून विचारतो.

रविवारी फोन आला.

“झाड?”

“छान. नाना, पण माझ्या ऑफिसातल्या एका मित्राचं झाड आहे. पानं पिवळी पडलीत. मान टाकलीये.”

“कसलं?”

इथे मी गडबडलो. “लिंबोणीच. म्हणजे योगायोगाने.”

पलीकडे चहाचा एक घोट घेतल्याचा आवाज आला.

“ताण द्यायला सांग,” नाना म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

माझा जीव भांड्यात पडला. इतके दिवस लोह, चुना, उन्हं, गप्पा असल्या परक्या विषयात मी चाचपडत होतो. ताण हा तर माझ्या खात्याचा विषय! रस्त्यावरचा विजेचा खांब कलला की त्याला बाजूने तार ओढून ती जमिनीत घट्ट रोवतात. त्याला ताण म्हणतात. ‘खांब कलला आहे, तरी ताण द्यावा ही विनंती’ असे अर्ज मी किती घेतले असतील, मोजदाद नाही. खांब काय अन् झाड काय, उभं राहिल्याशी कारण.

“अहो, झाड आहे ते,” बायको म्हणाली. “दोऱ्यांनी बांधून कुठे बरं होतं का कुणी?”

“तुला ताण म्हणजे काय माहीत आहे का?”

“लग्न झाल्यापासून,” ती म्हणाली आणि आत गेली.

मी नायलॉनची दोरी आणली आणि चारी दिशांना शास्त्रशुद्ध ताण दिला. एक दोरी खिडकीच्या गजाला, एक शोकेसच्या मुठीला, एक सोफ्याच्या पायाला आणि चौथीला जागाच नव्हती म्हणून ती फ्रिजच्या दाराला. झाड ताठ उभं राहिलं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. फ्रिज उघडला की ते जरा सैल होऊन खिडकीकडे झुकायचं आणि मिटला की पुन्हा सावरायचं, एवढाच काय तो दोष. बायकोने दुसऱ्या दिवसापासून त्या दोऱ्यांवर रुमाल आणि मोजे वाळत घातले. मी विरोध केला, तर म्हणाली, “नाहीतरी घरात चालायला जागा उरलेली नाही, निदान वाळायला तरी होऊ दे.”

शनिवारी सेक्रेटरी डासांबद्दलची दुसरी नोटीस घेऊन आले. आत येताना ते कागद वाचतच आले, त्यामुळे दोरी त्यांना दिसली नाही. ती हनुवटीखाली अडकली, शोकेसचं दार उघडलं आणि मला ‘उत्कृष्ट तक्रार निवारण’ म्हणून मिळालेला पितळी कप त्यांच्या पायावर पडला. “तक्रार असेल तर,” मी सवयीने सुरुवात केली, पण वेळीच गप्प बसलो. ते लंगडत खाली गेले. संध्याकाळी फळ्यावर नवीन सूचना होती, की सदस्यांनी घरात आडव्या दोऱ्या बांधू नयेत. त्याखाली सर्वज्ञांनी पेन्सिलीने ‘उभ्या चालतील काय?’ असं लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी नानांच्या फोनची वाट बघत, दोरीखालून वाकून पेपर आणायला दाराशी गेलो. दार उघडलं तर बाहेर नाना उभे. हातात पिशवी, डोक्याला मफलर.

ते आत आले. चारी बाजूंनी बांधलेली, अंगाखांद्यावर मोजे मिरवणारी आपली लिंबोणी त्यांनी एकदा डोळे भरून पाहिली.

“गुन्हा काय?” त्यांनी विचारलं.

“कुणाचा?”

“हिचा.”

नानांनी चपला काढल्या, पिशवी ठेवली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “मित्र कुठाय?”

आयुष्यात इतकं लहान तोंड माझं कधी झालं नव्हतं. नानांनी कुंडीत बोट घातलं. ते सरळ खाली गेलं. मग त्यांनी एक खिळा बाहेर काढला. मग दुसरा. मग टरफलं. मग चहाचा काळा गोळा. सगळं एका ओळीत पेपरवर मांडून ठेवलं, आणि ती मांडणी बघता बघता मला घाम फुटला.

“नाना, तुम्हीच म्हणालात ना ताण द्या,” मी म्हणालो. “आणि पाणी बघून घाल म्हणालात. मी प्रत्येक वेळी बघून घातलंय. स्वच्छ पाणी.”

नाना माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या नोकरीत एखादी तार भलत्याच पत्त्यावर पोचली की ते असेच बघत असणार.

“बघून म्हणजे माती बघून,” ते म्हणाले. मग खाली बसले आणि जे बोलले, तेवढे शब्द त्यांनी एका दमात वापरलेले मी तोवर ऐकले नव्हते. “ताण देणं म्हणजे पाणी बंद करणं. माती कोरडी होऊ द्यायची. झाडाला कळू द्यायचं, की आता आपलं कुणी नाही. मग ते स्वतःची मुळं घट्ट धरतं. आणि मग एक दिवस पाणी द्यायचं. त्याला म्हणतात ताण तोडणं. ताण वेळेवर तोडला तर फुलतं.”

“आणि नाही तोडला तर?” बायकोने विचारलं.

“मरतं.”

मग नाना उठले. “झाड नेतो,” म्हणाले.

मला खरंच रडू आलं. एवढ्या मोठ्या माणसाने झाडापायी रडायचं म्हणजे काय, म्हणून मी खिडकीची दोरी सोडायच्या निमित्ताने पाठ फिरवली. बायको शांतपणे मोजे गोळा करत होती. ती म्हणाली, “न्या की नाना. पण या अवस्थेत बसचे धक्के सोसतील का तिला? वाटेतच जायची.”

नानांनी लिंबोणीचं एक पान उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं. “बरी झाली की नेतो,” म्हणाले, आणि मुलीच्या खोलीत जाऊन त्यांनी पिशवी कपाटावर ठेवली.

त्यांनी कुंडीतली माती बदलली आणि फर्मान काढलं, “पाणी बंद.” राहता राहिला प्रश्न उन्हाचा. मी त्यांना स्टुलाची हकिकत सांगितली. ते कुंडी उचलून गच्चीवर घेऊन गेले आणि कोपऱ्यात ठेवून आले. सेक्रेटरी लंगडत वर धावले, कागद उघडून त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, “‘सदस्यांनी गच्चीवर कुंड्या ठेवू नयेत.’”

“सदस्य नाही,” नाना म्हणाले.

सेक्रेटरींनी तो कागद किती वेळा वाचला कोण जाणे. कुंडी तिथेच राहिली. माझ्यासारख्या नियम करणाऱ्याला जे सुचलं नाही, ते त्यांनी दोन शब्दांत उरकलं.

तर नाना राहिले. वेताची खुर्ची जुन्या घरीच राहिली होती, म्हणून मुलीच्या टेबलाची प्लास्टिकची खुर्ची त्यांना दिली, तिच्यावर बसून रोज सकाळी “टोचते” म्हणायचे. दुपारी समोरच्या काकू येऊन त्यांच्याशी बोलत बसायच्या. त्या सगळं बोलायच्या आणि नाना काहीच बोलायचे नाहीत, त्यामुळे दोघांचंही समाधान व्हायचं. मी ऑफिसातून आलो की ते माझ्या दिवसभराच्या तक्रारी ऐकायचे आणि शेवटी एकच शब्द उच्चारायचे, बहुधा “मूर्ख”. तो अर्जदाराला असायचा की मला, हे मी विचारलं नाही. कित्येक दिवसांत फोन वाजला म्हणून मी ताटावरून उठून धावलो नव्हतो.

आणि त्यातच ते मेलं झाड सुधारायला लागलं. पिवळी पानं गळून गेली, फांद्यांच्या टोकांना तांबूस पालवी दिसू लागली. इमारतीतले लोक मुद्दाम गच्चीवर जाऊन बघून यायचे आणि मला जिन्यात थांबवून अभिनंदन करायचे. मी हसून आभार मानायचो आणि मनात त्यांना शिव्या घालायचो. एके सकाळी नानांनी कपाटावरची पिशवी खाली घेतली, झटकली आणि परत ठेवली. मी ते पाहिलं.

त्या दुपारी मी ऑफिसातून लवकर आलो, पेपरच्या घडीत तांब्या लपवून गच्चीवर गेलो आणि झाडाला पाणी घातलं. होय, घातलं. अर्धा तांब्याच, पण बघून घातलं नाही. बापाला ठेवून घेण्यासाठी त्याचंच झाड आजारी पाडणारा मुलगा, असं माझ्याविषयी कुणाला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं.

दोन-चार दिवसांत पालवीने मान टाकली. नानांनी पान उलटसुलट केलं आणि म्हणाले, “अजून नाही.” पिशवी कपाटावरच राहिली. पण पुढच्या आठवड्यात झाड आणखीनच लोंबलं आणि आता मी खरोखर घाबरलो. मी घातलं होतं अर्धा तांब्या, तेही एकदाच. एवढ्याने इतकी ओल? बोट घातलं तर माती पुन्हा चिखल. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि चोराच्या मनात चांदणं, त्यामुळे कुणाला विचारायचीही सोय नव्हती.

शेवटी मी पाळत ठेवायचं ठरवलं. शनिवारी दुपारी, नाना झोपलेत आणि बायको बाजारात गेलीये असं गृहीत धरून, वर गेलो. जाताना हातात पुन्हा तांब्या होता, तो का घेतला होता हे मला सांगता येणार नाही. गच्चीचं दार ढकललं तर बाजारात गेलेली बायको भाजी धुतलेल्या पाण्याचं पातेलं कुंडीवर कलतं धरून उभी.

“कपडे बघायला आले होते,” ती म्हणाली. गच्चीवर एकही कपडा नव्हता.

“मी टाकी बघायला,” मी म्हणालो आणि तांब्या मागे नेला.

तेवढ्यात टाकीमागे काहीतरी पत्र्यावर आपटल्याचा आवाज झाला. आम्ही दोघंही वळलो. टाकीच्या आडून नाना बाहेर आले. हातात न्हाणीघरातला मग होता आणि तो रिकामा होता. त्यांच्या धोतराचा काठ चिखलाने भरला होता.

खाली रस्त्यावर कुणी तरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. नानांनी आधी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्या पाठीमागून डोकावणाऱ्या तांब्याकडे, मग आपल्या हातातल्या मगाकडे.

“ताण तोडला,” ते म्हणाले.

या खेपेला मला अर्थ विचारावा लागला नाही. नाना आमच्या दोघांच्या मधून वाट काढून खाली निघून गेले. बायकोने डोळे पुसले आणि मग तिला जे हसू फुटलं ते आवरेचना. तिने तोंडावर धरायला पातेलं वर केलं, तर उरलेलं पाणी तिच्याच अंगावर सांडलं.

त्या दिवसापासून शरमेने आमच्यापैकी कुणीच भांडं घेऊन गच्चीकडे फिरकलं नाही. त्यामुळे त्या लिंबोणीला आमच्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच खराखुरा ताण मिळाला. माती कोरडी ठणठणीत झाली. मग एके सकाळी नानांनी सगळ्यांच्या देखत रीतसर एक बादली पाणी दिलं. सर्वज्ञ खास ते बघायला वर आले आणि हे आपण आधीच सांगितलं होतं असं म्हणाले.

पुढे काही दिवसांनी नानांनी आम्हाला दोघांना वर बोलावलं. लिंबोणी पांढऱ्या कळ्यांनी भरली होती. काही उमललेल्या, बाकीच्या टपोऱ्या. जवळ गेलं की वास येत होता. मी इतकं सुंदर झाड पाहिलं नव्हतं आणि ते पाहून इतकं वाईटही मला कधी वाटलं नव्हतं. आता कुठलं निमित्त उरलं होतं? ‘बरी झाली की नेतो’ असं नाना म्हणाले होते, आणि ती बरी झाली होती.

“नाना,” मी म्हणालो, “बसची चौकशी करू का?”

नाना वाकून एक फूल बघत होते. “आता हलवलं तर फूल गळेल.”

“बरं. मग फळ धरल्यावर?”

“फळ गळेल.”

“आणि लिंबं उतरवून झाल्यावर?”

नाना सरळ उभे राहिले. तारेत एक शब्द उगाच जास्त घालणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“खुर्ची आण,” ते म्हणाले.